लिडलिस्टमधले काका

काका तार ऑफिसातून निवृत्त झालेले. संभाजीनगरच्या छावणीत त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या आणि वर गच्चीवर पत्र्याची एक खोली. त्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, होता आणि निवृत्तीनंतरचं त्यांचं सगळं आयुष्य तिथंच चाललं होतं. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. मी एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. तिथं एकदा प्रदर्शन भरलं होतं आणि काका आपला रेडिओ घेऊन आले होते. टेबलाभोवती पोरांची गर्दी, मी मागं उभी. त्यांनी मान उंचावून मलाच हाक मारली.

"ओ बाई, मागून काय दिसणार? पुढं या. कानाला लावा हे."

मी कानाला लावलं. कुठून तरी, कुणाचा तरी आवाज येत होता. तेवढ्यानं मी अडकले ती अडकलेच. पुढं दीड वर्ष दर रविवारी सकाळी छावणीत जायचं, दारातून "जय भीम काका" म्हणायचं, वर जायचं आणि शिकायचं. काकांनी माझ्याकडून परवान्याच्या परीक्षेची तयारी करून घेतली, फॉर्म भरून घेतला, आणि परवाना हातात आला त्या दिवशी स्वतःजवळचा जास्तीचा कंट्रोलर मला देऊन टाकला.

हा कंट्रोलर म्हणजे पुस्तकाएवढा एक राखाडी डबा. एका बाजूला संगणक जोडायचा, दुसऱ्या बाजूला रेडिओ. आपण अक्षरं टाइप करायची, डबा त्यांचे आवाज करतो, रेडिओ ते आवाज हवेत सोडतो, आणि समोरच्याचा डबा त्यांची परत अक्षरं करतो. मोबाइल नको, इंटरनेट नको. नवरा म्हणायचा, "व्हॉट्सअ‍ॅप असताना हे लचांड कशाला?" त्याला काय सांगणार. स्वतःच्या हातानं लावलेल्या तारेतून छावणीतला माणूस आपल्या स्क्रीनवर उमटतो, याची मजा वेगळीच असते.

पण डब्याला कसं वागायचं ते आधी सांगावं लागतं. तू कोण, बोलायच्या आधी किती थांबायचं, आपण चालू आहोत अशी हाळी किती वेळानं द्यायची, दुसऱ्याचे निरोप पुढं ढकलायचे की नाही. अशा शंभरावर आज्ञा, आणि सगळ्या इंग्रजीत. काकांनी त्या मराठीत उतरवून काढल्या होत्या, दोनशे पानी वहीत, तार ऑफिसातल्या त्या ठसठशीत अक्षरात. एकेका आज्ञेला दोन-तीन ओळी. त्या वहीच्या झेरॉक्स आम्हा नऊ जणांकडे होत्या. संभाजीनगरात सहा, बिडकीनला एक, पैठणला एक आणि सोयगावात एक.

त्यातल्या दोन आज्ञांबद्दल सांगायला पाहिजे. पहिली 'बडलिस्ट'. तीत घातलेली माणसं म्हणजे आपली माणसं, फक्त त्यांचंच ऐकायचं असेल तेव्हा वापरायची. दुसरी 'लिडलिस्ट'. तीत ज्याची खूण, म्हणजे परवान्यावरचं त्याचं रेडिओतलं नाव, घातली, त्याचं काहीच डबा घेत नाही. तो हाका मारून दमला तरी आपल्या स्क्रीनवर ठिपकासुद्धा येत नाही. 'लिड' हा तारवाल्यांचा जुना शब्द आहे, हे मला काकांनीच सांगितलं होतं. ज्याला तार ठोकायची की धड चालवता येत नाही, जो दुसऱ्याच्या तारेत लुडबुड करतो, तो लिड. तार ऑफिसात कुणाला लिड म्हटलं की तो दिवसभर जेवायचा नाही, म्हणे. काकांनी वहीत दोन्ही आज्ञा एकाखाली एक लिहून पुढं सूचना दिली होती: 'नावे सारखी वाटतात. गोंधळू नये.'

मी गोंधळले नाही. हे आधीच सांगून ठेवते.

काकांचा स्वभाव चुका दाखवायचा. चाळीस वर्षं दुसऱ्याचे शब्द बिनचूक पोचवायचं काम केलेला माणूस, त्यांना चूक दिसली की राहवायचं नाही. रोज सकाळी सातला, माझी पोळ्यांची घाई चालू असताना, स्क्रीनवर त्यांच्या ओळी यायच्या. 'तुझी हाळी फार वेळा जाते. दहा मिनिटं कर.' 'थांबण्याचा वेळ कमी पडतोय, तुझं पहिलं अक्षर तुटतं.' 'काल तू निरोपाखाली वेळ टाकली नाहीस.' सगळं बरोबरच असायचं, तोच तर त्रास होता. एका रविवारी सगळ्यांच्या सामायिक गप्पांत, दहाबारा माणसं ऐकत असताना ते म्हणाले, "आमच्या बाईंचा डबा दर दोन मिनिटाला कोंबड्यागत आरवतो." सगळे हसले. मीही हसले. पण ते माझ्या मनात रुतून बसलं.

त्याच पावसाळ्यात पैठणला तहसीलच्या लोकांपुढं प्रात्यक्षिक करायचं ठरलं. धरण भरतं, पाणी सोडतात, अशा वेळी मोबाइल बंद पडले तर रेडिओवरून लेखी निरोप कसे जातील ते दाखवायचं होतं. काम माझ्याकडं आलं. पहिल्यांदाच काहीतरी माझ्या एकटीच्या नावावर होणार होतं. आदल्या संध्याकाळी मी डबा तपासत बसले होते आणि काकांचे निरोप सुरू झाले. एक झाला, दुसरा झाला. सात निरोप आले. 'उद्या हाळी बंद ठेव.' 'साहेबांना आधी अँटेना दाखव, मग स्क्रीन.' 'घाबरून भरभर टाइप करू नको.' आणि शेवटचा, 'मी इथून ऐकतोच आहे. काही चुकलं तर लगेच सांगीन.'

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. स्क्रीन उद्या भिंतीवर मोठी दिसणार होती. समोर अधिकारी, आणि भिंतीवर काकांची ओळ उमटणार: 'बाई, चुकलं.'

मी लिडलिस्टमध्ये त्यांची खूण घातली. एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि वही मिटून ठेवली. उद्यापुरतं, असं स्वतःला सांगितलं.

प्रात्यक्षिक छान झालं. तंत्रनिकेतनातून माझे एक सहकारी निरोप पाठवत होते, मी पैठणहून उत्तरं टाइप करत होते, बिडकीनच्या मित्राच्या गच्चीवरचा डबा ते पुढं ढकलत होता आणि पैठणला भिंतीवर स्वच्छ अक्षरं उमटत होती. मध्ये कुणाची लुडबुड नाही. शेवटी एका मॅडमनी विचारलं, "हे सगळं शिकलात कुठं?"

"असंच," मी म्हणाले. "वाचून वाचून."

पैठणचा आमच्यातला एक जण, तिथं त्याचं बॅटऱ्यांचं दुकान आहे, तो शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. एस्टीत बसले, डब्याची पिशवी मांडीवर. घर येईपर्यंत मनात मॅडमचा प्रश्न कमी आणि माझं उत्तर जास्त घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्क्रीन रिकामी. मी पोळ्या केल्या, डबे भरले. किती शांत वाटलं! म्हटलं, आठवडाभर राहू दे. मग पंधरा दिवस झाले.

काकांचा फोन आला. "अगं, तू लागत नाहीस. हाळी तर ऐकू येते तुझी."

"मी समोर नसते काका हल्ली. कामं लई आहेत."

"तू नसलीस तरी डबा उत्तर देतो की. त्याला काय कामं?" ते हसले. मग म्हणाले, "माझंच काहीतरी बिघडलं असंल. बघतो."

तिथं सांगायला हवं होतं. मी फोन ठेवला.

त्यांनी बघितलं म्हणजे काय काय बघितलं, ते मला पुढच्या फोनांतून कळत गेलं. आधी केबल बदलली. मग शेजाऱ्याला वर चढवून अँटेना खाली उतरवली, घासूनपुसून परत लावली. बाकीचे दोघं-तिघं लागतात आणि मीच लागत नाही, म्हणजे आपला आवाज अशक्त झालाय, जवळच्यांनाच पोचतोय, असं त्यांनी अनुमान काढलं. रेडिओ पुण्याला दुरुस्तीला पाठवला. महिन्याभरानं तो परत आला, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज वेगळाच होता.

"यंत्रात दोष नाय म्हणतात, बाई. मग दोष माझ्यातच. हात गेला माझा. मलाच आता नीट लावता येत नाय."

"असं काही नसतं काका," मी म्हणाले.

संगणक शेजारीच चालू होता. एक ओळ खोडायची होती, दहा सेकंदांचं काम. पण मी खोडलं असतं आणि ते लगेच लागले असते, तर त्यांनी विचारलं असतं, काय केलंस गं? जितके दिवस जात होते तितकं उत्तर देणं अवघड होत होतं. दिवाळीनंतर कळलं की त्यांनी रविवारचा वर्ग बंद केलाय. चार नवीन जण शिकायला येत होते, त्यांना सांगितलं, दुसरा गुरू बघा.

नवऱ्यानं एकदा सहज विचारलं, "काका दिसत नाहीत हल्ली स्क्रीनवर?" मी म्हटलं, "त्यांची तब्येत बरी नसते." हेही खोटंच.

मग एका शनिवारी दुपारी काका घरी आले. आधी फोन नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरात होते. दार नवऱ्यानं उघडलं. मला फक्त आवाज ऐकू आला, "जय भीम. बाई आहेत का? माझा डबा घेऊन आलोय, तिच्या डब्याशेजारी ठेवून बघतो." मी हात पुसत बाहेर धावले तोवर ते माझ्या खुर्चीत बसले होते. कापडी पिशवी मांडीवर, चष्मा वर सरकवलेला.

"काका, चहा घ्या आधी. मी लावून देते ना."

"लावलेलंच आहे की. तुझ्या आज्ञा फक्त बघतो. माझ्याशी ताडून."

त्यांनी 'डिस्प्ले' टाइप केलं. ही आज्ञा दिली की डबा स्वतःची सगळी कुंडली मांडतो. ओळींमागून ओळी वर सरकू लागल्या. काका बोट ठेवून वाचत होते. हाळी, बरोबर. थांबण्याचा वेळ, बरोबर. मग बोट थांबलं. लिडलिस्ट, आणि पुढं त्यांची खूण. दुसऱ्या कुणाचीही नाही.

मी त्यांच्या मागं उभी होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मान तेवढी दिसत होती, आणि ती हलत नव्हती.

"काका," मी म्हणाले, आणि माझं खोटं इतकं तयार होतं की मलाच नवल वाटलं, "अरे देवा! मला वाटलं ती आपल्या माणसांची यादी. बडलिस्ट. दोन्हीत घोळ झाला माझा."

काका वळले. चेहऱ्यावर राग शोधायला गेले तर तिथं आनंद होता. डोळे भरून आलेले.

"म्हंजे माझं यंत्र बरं आहे?"

"व्हय काका."

"माझा हात बरा आहे!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "आणि मी मूर्ख पुण्याला पाठवून बसलो. अगं, तुझा काय कसूर? मीच नीट लिहिलं नाय. नावं सारखी आहेत, माणूस फसणारच. आण ती वही."

मी वही आणली. त्यांनी खिशातलं लाल पेन काढून त्या सूचनेखाली दोन रेघा ओढल्या. नवरा दारात उभा राहून माझ्याकडं पाहत होता.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. रविवारच्या गप्पांत काकांनी सगळ्यांना सांगितलं की त्यांच्याच वहीत उणीव होती. मग बाकीच्या आठही जणांकडे स्वतः गेले. एस्टीनं पैठणला गेले, सोयगावला गेले. प्रत्येकाच्या झेरॉक्सवर लाल रेघा ओढल्या आणि एक नवीन पान चिकटवलं. माझ्याही वहीत चिकटवलं. त्यावर लिहिलं होतं: 'माझ्या अपुऱ्या लिखाणामुळे एका भगिनीकडून चूक झाली. सर्वांनी माफ करावे.'

ते पान मी महिनाभर पाहिलं. वही उघडायची वेळ आली की ते टाळून पुढं जायची. वर्ग पुन्हा सुरू झाला होता, काका खूश होते, सकाळच्या ओळी यायला लागल्या होत्या. सगळं ठीक झालं होतं. कुणाला काही कळणारही नव्हतं. तरीही त्या माणसानं माझ्यासाठी गावोगाव हिंडून माफी मागितली, हे गिळवेना. एका गुरुवारी अर्धी रजा टाकली आणि छावणीत गेले.

काका गच्चीवर वायर सोलत होते. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. भिंतीवरची स्क्रीन, सात निरोप, मॅडमना दिलेलं उत्तर, फोनवरचं खोटं, आणि शनिवारचं खोटं. ते वायर सोलत राहिले.

"त्या दिवशी मी काय पाठवणार होतो, ठाऊक आहे?" शेवटी ते म्हणाले. "पाठवलंबी होतं. तीनदा. तुझ्या पहिल्या निरोपाखाली तारीख नव्हती."

मी त्यांच्या पुढ्यात खाली बसले.

"म्हंजे तुझी भीती खरी होती. भिंतीवर आलंच असतं." त्यांनी वायर खाली ठेवली. "त्या दिवसापुरतं केलंस ते मी समजू शकतो. मला सांगायचं होतंस, मीच बंद ठेवला असता. पण दुसऱ्या दिवशी काढायला पाहिजे होतं, बाई. चिठ्ठी आली, मी फोनवर रडायचा बाकी होतो, तेव्हा तरी काढायला पाहिजे होतं."

"चुकलं काका."

"आणि यादी कुठली निवडलीस? तार ऑफिसात कुणाची हिंमत नव्हती मला तो शब्द म्हणायची."

मी रडायला लागले. त्यांनी समजूत काढली नाही. पाणी दिलं. मग म्हणाले, "ते पान खोटं आहे. माझी वही बरोबर होती. नऊ वह्या आहेत. सगळ्यांकडं जा आणि ते पान काढ. का काढतेस तेबी सांग."

तीन रविवार लागले. शहरातल्या पाच जणांना आधी सांगितलं. एक जण म्हणाला, "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." सोयगावच्या गुरुजींनी पान फाडून माझ्या हातात दिलं. बिडकीनच्या मित्राची बायको म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत," आणि जेवायला वाढलं.

शेवटी पैठण. बॅटऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी सांगत गेले, तो ऐकत गेला. त्या दिवशी मॅडमना मी काय उत्तर दिलं ते त्यानं ऐकलंच होतं. माझं झाल्यावर तो खो खो हसला. मग उठून त्यानं आपला संगणक माझ्याकडं वळवला आणि 'डिस्प्ले' टाइप केलं.

त्याच्याही लिडलिस्टमध्ये काका होते.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "सकाळी सकाळी दुकान उघडायचं का त्यांची शाळा ऐकायची? आठवड्यातनं एकदा मी स्वतःहून लावतो, तेवढ्यापुरतं काढतो, परत घालतो. त्यांना वाटतं मी सकाळी डबा बंद ठेवतो. ते पान चिकटवायला आले तेव्हा मला घाम फुटला होता. तुम्ही उगाच सांगत बसलात, ताई."

"काढा ते," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं काढलं. मी गेल्यावर परत घातलं की नाही, मला माहीत नाही.

संध्याकाळी छावणीत जाऊन नऊही पानं काकांच्या हातात दिली. त्यांनी मोजली नाहीत. विचारलं, "पैठणचा काय म्हणाला?"

खरं सांगायचं ठरवूनच मी बाहेर पडले होते. पण समोर तो माणूस, आत्ता कुठं सावरलेला.

"हसला," मी म्हणाले. "बाकी काही नाही."

"तो आहेच हसरा," काका म्हणाले आणि पानं कपाटात ठेवली.

याला आता दीड वर्ष होत आलं. रविवारच्या वर्गाला मी मदतीला जाते. काका कंट्रोलर शिकवतात, मी पोरांच्या केबली जोडून देते. नवीन लोकांना ते या दोन याद्या समजावून सांगतात तेव्हा माझ्याकडं बघत नाहीत. मुद्दाम बघत नाहीत, हे मला कळतं. सकाळी सातला अजून त्यांची हाक येते, पण रोज नाही. आणि आधी एक ओळ असते: 'वेळ आहे का?' ते थांबतात. मी 'हो काका, बोला' लिहीपर्यंत पुढचं काही पाठवत नाहीत. पूर्वी असं कधी विचारायचे नाहीत. गॅसवर दूध असलं, दारात कचऱ्याची गाडी वाजत असली, तरी मी 'हो' लिहिते. मग ते हवेचं, आपल्या खोकल्याचं, नातीच्या शाळेचं काहीबाही लिहितात. चूक मात्र दाखवत नाहीत. आणि पैठणचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.